एकाच गटात वर ७.५ अंश आणि खाली ४ अंश : केशर आंब्याची कलमं कुठं लावावीत?

माळरान_केज

रामराम मंडळी. केज तालुक्यात बालाघाटच्या उतारावर सहा एकरांचा सलग गट आहे. पश्चिमेला माथ्यावर मुरमाड बरड, पूर्वेला ओढ्याकडं काळी भारी जमीन. वरपासून खालपर्यंत अंतर २५० मीटर, उंचीतला फरक साधारण १२ मीटर. खालच्या हद्दीला पाणंद रस्ता आहे. त्याचा भराव आता साडेपाच फूट उंच झालाय आणि ओढ्याकडं पाणी जायला त्यात दोन फुटी पाइप टाकलाय. भरावाला लागून वेड्या बाभळीची दहा फुटी दाट रांग.

जानेवारीत आभाळ निरभ्र असलं की पहाटे वरच्या टोकाला ७.५ आणि खाली ४ अंश दिसतात. खालच्या दीड एकरातली लहान केशर कलमं शेंड्याकडून करपली, वरच्यांना काही झालं नाही. ढगाळ रात्री मात्र दोन्हीकडं सारखंच. उंचावर थंडी जास्त असते म्हणतात, मग इथं उलटं कसं?

जूनमध्ये आणखी दोन एकर केशर लावायचाय. खालची जमीन खोल आणि विहिरीजवळची. वरच्या बरडावर एप्रिल-मेमध्ये गरम वाऱ्यानं पालवी करपते, म्हणून चारी बाजूंनी शेवरी आणि सुरूच्या झाडांची रांग लावायचा विचार आहे. थंडीच्या रात्री तुषार सिंचन चालू ठेवा, असंही एकानं सुचवलंय. जाणकारांनी सांगावं.

---

हवामान_वही

रामराम दादा. ‘ढगाळ रात्री सारखंच’ हे तुम्ही लिहिलंत, त्यातच बरंचसं उत्तर आहे.

उंचीनुसार तापमान कमी होतं ते हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश. म्हैसमाळ संभाजीनगरपेक्षा सुमारे ५०० मीटर उंच, तिथं दुपारी तीनेक अंशांचा फरक पडतो तो या हिशेबानं. तुमच्या १२ मीटरला हा फरक ०.०८ अंश येतो, म्हणजे काहीच नाही. तुमच्या रानात दुसरीच गोष्ट चाललीय. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडं सोडते आणि तिला टेकलेला हवेचा थर गार होतो. गार हवा जड असते, ती उतारानं खाली सरकते आणि वाट अडली की तिथंच साठते. ढग असले की तेच उष्णता परत पाठवतात, जमीन तेवढी गार होत नाही, म्हणून फरकही उरत नाही.

तुमच्याकडं वाट अडवलीय भरावानं. ‘पाइप आहे ना’ असं वाटेल, तर आकडे बघा. सहा एकर म्हणजे सुमारे २४,३०० चौरस मीटर. लांबी २५० मीटर, तर रुंदी ९७ मीटरच्या आसपास. गार हवेचा थर फक्त एक मीटर जाड आणि वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला तरी सेकंदाला जवळपास ५० घनमीटर हवा खाली येते. दोन फुटी पाइपाचं तोंड ०.२८ चौरस मीटर. त्याच वेगानं त्यातून सेकंदाला ०.१४ घनमीटर जाते. पाइप पाण्यासाठी पुरतो, हवेसाठी तो नसल्यातच जमा.

आता ही गार हवा किती लांबपर्यंत तुंबते ते काढू. भराव १.७ मीटर. त्यावर बाभळीमुळं अडथळा वाढतो, पण झुडपांतून थोडी हवा झिरपते, म्हणून मी एकच मीटर जादा धरतो. एकूण २.७ मीटर. तुमचा सरासरी उतार ५ टक्क्यांच्या आत आहे, म्हणजे भरावापासून मागं साधारण ५६ मीटर. तुमचा करपलेला दीड एकर ९७ मीटर रुंदीत ६२ मीटर लांब बसतो. हिशेब जुळतोय. ओढ्याजवळ उतार सपाट होत असेल तर हा पट्टा आणखी मागं सरकेल. त्यामुळं कागदावरच्या सरासरीवर भागवू नका. नळीच्या पाणसळीनं भरावाच्या माथ्याची पातळी धरा, त्याच्या एक मीटर वरची समपातळी रेषा रानात खुंट्या मारून आखा. त्या रेषेच्या खाली लहान केशर लावायचा नाही.

पण दोष नक्की भरावाचाच की अख्ख्या ओढ्याच्या खोऱ्याचा, हे मोजल्याशिवाय ठरवू नका. कमाल-किमान तापमापक चार घ्या. आधी चारही एकाच खुंटीला दोन रात्री टांगा आणि आपसातला फरक लिहून ठेवा, स्वस्त यंत्रांत एक अंशाचा फरक सहज असतो. मग एक माथ्यावर, एक भरावापासून ६० मीटरवर, एक १५ मीटरवर आणि चौथा भरावाच्या पलीकडं, ओढ्याच्या बाजूला लावा. चौथा महत्त्वाचा. पलीकडं जागा खोल असूनही तापमान आतल्यापेक्षा जास्त निघालं, तर भरावच गुन्हेगार. पलीकडंही तेवढंच गार असेल, तर सगळं खोरंच भरून येतंय आणि बाभळी छाटून फार फरक पडणार नाही.

सगळे जमिनीपासून सव्वा मीटरवर. प्रत्येक तापमापकाला उघड्या आकाशापासून झाकणारी छत्री लागते. तिच्यासाठी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या सहा-सात बशा, मधल्यांना भोक पाडून, दीड-दोन सेंटिमीटर अंतरानं आटे पाडलेल्या सळईवर चढवा. वरची बशी अखंड ठेवा आणि तापमापक मधल्या पोकळीत टांगा. बहुतेकांचं इथंच चुकतं. कुणी मोटरच्या खोलीच्या भिंतीला लावतो (भिंत रात्रभर ऊब देते), कुणी झाडाच्या खोडाला, कुणी पत्र्याखाली. पत्रा रात्री हवेपेक्षाही गार होतो आणि आकडा खोटा कमी येतो. उघडा ठेवलेला तापमापकही स्वतःच आकाशाकडं उष्णता सोडतो आणि कमी दाखवतो. तुमचे ७.५ आणि ४ छत्रीविना घेतलेले असतील तर खरे आकडे थोडे वर असतील, फरक मात्र बराचसा खरा असणार.

तापमापक येईपर्यंत धुराची चाचणी करा. दिवस मावळल्यावर तास-दीड तासानं, वारा पडलेला असताना, माथ्यावर ओलसर पाचटाचा छोटा धूर करा. धूर वर न जाता आडवा पसरून भरावाकडं सरकला आणि तिथं थबकला, तर सगळं डोळ्यांदेखत कळतं.

---

आमराई_अंबाजोगाई

वरच्या उत्तराला जोडून आंब्यापुरतं सांगतो.

केशरला थंडी हवीच. रात्री १५ अंशांच्या आसपास काही आठवडे राहिल्या की पक्व काडीतून मोहोर निघतो. पण रात्री सलग १० च्या खाली गेल्या तर मोहोरात नरफुलं वाढतात, संयुक्त (फळ धरणारी) फुलं कमी होतात, परागकण नीट रुजत नाहीत. झाड मोहोरानं लदलेलं आणि फळं मोजून मूठभर, असा प्रकार खोलगट रानात दिसतो तो यामुळं. त्यात फळ वाटाण्याएवढं असताना पुन्हा थंडी पडली की दुसरा मोहोर फुटतो आणि अन्न तिकडं वळून आधीची फळं गळतात. म्हणजे खालचा पट्टा फक्त लहान कलमांना मारतो असं नाही. मोठी झाडं जगतील, पण उत्पन्नात मार खातील.

दुसरं दहिवर. खोलगटात पानं-मोहोर सकाळी उशिरापर्यंत ओले राहतात. तुमची बाभळीची रांग नेमकी पूर्वेला आहे. भराव धरून आडोसा पावणेपाच मीटर होतो. सूर्य क्षितिजापासून १० अंश वर आला, म्हणजे उगवून पाऊण तास झाला, तरी त्या आडोशाची सावली सपाटीवर २७ मीटरच्या आसपास लांब पडते. करप्याला हेच लागतं. तेव्हा थंडीचं कारण बाजूला ठेवलं तरी ती रांग छाटायलाच हवी. जमिनीपासून चार-पाच फूट खोडं साफ करा, वरचा शेंडाही उतरवा. मुळासकट काढायची असेल तर आधी हद्द कुणाची ते बघा.

जागा म्हणाल तर वरचा आणि मधला पट्टा, खुंट्यांच्या रेषेच्या वर. मुरूम आहे म्हणून घाबरू नका, केशरला निचरा लागतो. एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा एप्रिलमध्ये खणून तापू द्या. भरताना खालच्या रानातली काळी माती एक भाग, वरची मुरमाड माती दोन भाग, तीन-चार घमेली कुजलेलं शेणखत आणि दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट. नुसती काळी माती भरली तर मुरमात केलेला खड्डा पावसाळ्यात कुंडीसारखा पाणी धरून ठेवतो आणि मुळं सडतात.

आता खाली जी कलमं उभी आहेत, त्यांचं :

करपलेले शेंडे लगेच छाटू नका. फेब्रुवारीअखेर नवी फूट कुठून येते ते दिसलं की जिवंत भागापर्यंत छाटा आणि कापावर बोर्डो पेस्ट लावा (मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर). कलमाच्या जोडाच्या खालून फुटलेलं ते रानटी खुंटाचं, ते काढून टाका.

पुढच्या डिसेंबरात आळ्यातलं पाचट उचला. हे बऱ्याच जणांना पटत नाही. आच्छादनाखाली माती उबदार राहते हे खरं, पण ती ऊब वर हवेत येतच नाही, आणि पाचटाचा वरचा पृष्ठभाग रात्री झपाट्यानं गार होतो. लहान कलमाचा शेंडा त्या गार हवेत असतो. तणविरहित, दाबलेली, ओली माती सगळ्यात उबदार. नुकतीच वखराची पाळी घातलेली कोरडी भुसभुशीत माती आणि गवताळ रान सगळ्यात गार. म्हणून थंडीच्या तोंडावर पाळी घालू नका. फेब्रुवारीत पाचट परत टाका, तेव्हा ते ओल धरायला कामाचं.

आडोसा तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा करा. उत्तर आणि पश्चिम बाजू बंद, वरून बारदान, आग्नेयेला उघडं म्हणजे सकाळचं ऊन खोडापर्यंत येतं. प्लॅस्टिक कागद पानाला टेकला तर टेकलेलं पान जास्त करपतं, आणि दिवसा काढायचा राहिला तर आत भाजून निघतं. त्यापेक्षा बारदान बरं.

---

माळरान_केज

लई उपयोगी माहिती दिली, दोघांचेही आभार. तापमापक मागवतो. तुषारचं काय? आणि चारी बाजूंच्या रांगेचं?

---

हवामान_वही

तुषार नको. परदेशात गोठणाऱ्या रात्री रात्रभर फवारा चालवतात, कारण पाण्याचा बर्फ होताना किलोला ८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. तुमच्याकडं ४ अंश आहेत, बर्फ होतच नाही, म्हणजे तो फायदा नाही. उरतं ते बाष्पीभवन. विहिरीचं पाणी २५ अंशांचं धरा. ते ५ अंशांवर येताना लिटरला २० किलोकॅलरी देतं, पण एक लिटर पाणी उडून जायला सुमारे ५९० लागतात. म्हणजे एक लिटर उडालं की तीस लिटरांनी दिलेली ऊब संपली. हवा कोरडी असेल आणि मध्येच लाइट गेली, तर ओली पानं सुक्यापेक्षा गार होतील. शेतीची लाइट कधी जाते ते तुम्हीच जाणता.

पाणी द्यायचं ते जमिनीला. थंडी वाढणार असा अंदाज आला की आदल्या दिवशी सकाळी आळं आणि दोन ओळींमधली मोकळी जागाही वरची एक वीत ओली होईल इतकं भिजवा. ओल्या मातीत दिवसाचं ऊन खोलवर मुरतं आणि रात्री हळूहळू सुटतं. फक्त ठिबकच्या ओल्या ठिपक्यानं हे होत नाही, कारण बाकीचं रान कोरडंच राहतं. फायदा एखाद-दीड अंशाचा, पण ४ चे साडेपाच होणं लहान कलमाला पुष्कळ.

शेकोट्या करायच्याच तर लहान आणि विखुरलेल्या, पहाटे तीननंतर. एकच मोठा जाळ केला की गरम हवा खांबासारखी सरळ वर निघून जाते आणि तिच्या जागी बाजूनं आणखी गार हवा ओढली जाते. काम होतं ते उष्णतेनं आणि हवा हलल्यानं. धुराचं पांघरूण वगैरे समज आहे.

---

वारारोधक

रांगेबद्दल मी लिहितो. चारी बाजूंनी नको. पूर्वेला, म्हणजे खाली, अजिबात नको. भरावानं केलेलं धरण तुम्ही स्वतःच उंच कराल.

मराठवाड्यात एप्रिल-मेचा गरम वारा पश्चिम-वायव्येकडून येतो. तुमचा माथा पश्चिमेलाच, म्हणजे वरच्या हद्दीची रांग दोन्ही ऋतूंत कामाची. उन्हाळ्यात वारा अडवते आणि हिवाळ्यात वरच्या बरडावरून येणारी गार हवा तुमच्या रानात येण्याआधी थोपवते. ही रांग किंचित तिरपी घ्या, म्हणजे थोपलेली हवा एका बाजूच्या वगळीकडं (ओघळीकडं) सरकेल. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या हद्दीवरच्या रांगा उताराच्या दिशेनंच धावतात, त्या गार हवेला अडवत नाहीत, त्या खुशाल लावा.

रांग भिंतीसारखी गच्च झाली की वारा वरून उडी मारून पलीकडं भोवरे करतो आणि पाच-सात मीटरवरची झाडंच जास्त झोडपली जातात. आरपार बघितलं तर निम्मं आभाळ दिसलं पाहिजे. अशी रांग तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत चांगला आडोसा देते, पुढं परिणाम विरळ होत जातो. मधे फट पडली तर तिथून वारा जास्त जोरानं घुसतो, म्हणून मेलेली झाडं त्याच पावसाळ्यात सांधा.

बाहेरच्या ओळीत सुरू दोन मीटरवर, आत शेवरी एक मीटरवर, दोन्ही ओळींमधे अंतर दीड-दोन मीटर, झाडं एकमेकांच्या मधोमध येतील अशी. शेवरी पहिल्याच वर्षी दहा-बारा फूट होते, सुरूला तीन-चार वर्षं लागतात, तोवर शेवरीवर भागतं. आंब्याची पहिली ओळ रांगेपासून सहा मीटर सोडून, आणि मधे अडीच-तीन फूट खोल चर. दर दोन वर्षांनी तोच चर उकरला की सुरूची मुळं तुटतात. चर नसेल तर आंब्याचं पाणी सुरूची झाडंच पिणार. निलगिरी लावू नका.

आता अडचण. पाच मीटरच्या रांगेचा आडोसा ५० मीटर, तुमचं रान २५० मीटर. मधे आडव्या रांगा लागतील, पण उताराला आडवी कायमची रांग म्हणजे पुन्हा गार हवेचं धरण. तोडगा असा : मधल्या रांगा गजराज गवताच्या करा, दर २० मीटरला एक. डिसेंबरच्या सुरुवातीला जमिनीलगत कापून जनावरांना घाला. थंडीत ते फारसं वाढत नाही, हवेला वाट मोकळी राहते. फेब्रुवारीपासून पाणी आणि थोडा युरिया दिला की एप्रिलमध्ये ते माणसाच्या उंचीवर जातं, नेमकं गरम वाऱ्याच्या वेळेला. मीटरभर उंचीच्या कलमांना एवढा आडोसा बास.

दक्षिण उतार-उत्तर उतार असं कुणी डोक्यात घालत असेल तर दुर्लक्ष करा. केजच्या अक्षांशावर मेच्या मध्याला दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, सावली शून्य. तेव्हा उतार कुठल्या तोंडाचा यानं दुपारी काही बिघडत नाही. हिवाळ्यात फरक पडतो, पण तो १० अंशांच्या डोंगरउतारावर. तिथं दक्षिणेकडच्या उताराला भर दुपारी सपाटीपेक्षा १४ टक्के जास्त थेट ऊन मिळतं आणि उत्तरेकडच्याला १७ टक्के कमी. तुमचा उतार तीन अंशांचाही नाही आणि तोही पूर्वेकडं. पूर्व उतार उलट चांगला : दहिवर लवकर वाळतं आणि दुपारनंतरचं ऊन तिरपं लागतं. खोडाला मात्र नैऋत्य बाजूनं ऊन भाजतं, मार्चमध्ये पांढरा चुना लावा.

---

शिवार_धारूर

फळपीक विम्याबद्दल एक भर घालतो. हवामानावर आधारित विम्यात कमी तापमानाचा निकष महसूल मंडळाच्या केंद्रावर मोजला जातो, तुमच्या बांधावर नाही. केंद्र माळावर असेल तर तिथं आकडा बऱ्यापैकी वर राहतो आणि खोलगटात झाडं करपलेली असतात. त्यामुळं खालच्या पट्ट्यात थंडीला नाजूक पीक घेताना ‘विमा आहेच’ असं गृहीत धरू नका. केंद्राचा आणि तुमचा फरक एक हिवाळा लिहून ठेवलात तर पुढं मोबाइलवर केंद्राचा आकडा बघूनच खालचं तापमान ताडता येईल. निरभ्र आणि ढगाळ रात्रींची नोंद वेगळी ठेवा, सरासरी काढून सगळं एकत्र करू नका.

आणि शेजारी पाझर तलाव असेल तर त्याच्या उबेवर विसंबू नका. पाणी रात्री हवेला ऊब देतं, पण दहा-पंधरा एकरांच्या तलावाचा परिणाम काठापासून थोड्याच मीटरपर्यंत, तोही वारा तुमच्याकडं वाहत असेल तर. नाथसागराच्या (जायकवाडी धरणाच्या) काठची गोष्ट निराळी.

---

माळरान_केज

पूर्वेची रांग रद्द. बाभळी छाटायचं बघतो. मग खालच्या दीड एकरात घ्यायचं काय? ज्वारी पेरू का?

---

आमराई_अंबाजोगाई

रब्बी ज्वारी तिथं जपून. सप्टेंबरच्या मध्यानंतर पेरलेली मालदांडी डिसेंबरात फुलोऱ्यात येते. त्या वेळी रात्री १० च्या खाली गेल्या की परागकण वांझ निघतात, कणीस दिसायला भरघोस आणि दाणे विरळ. कडब्यासाठी असेल तर ठीक.

गहू घ्या, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरून. तुमची थंडी गव्हाला मानवते, फुटवे वाढतात आणि दाणा भरायला वेळ मिळतो. फक्त सकाळी उशिरापर्यंत पान ओलं राहणाऱ्या रानात तांबेऱ्यावर लक्ष ठेवा, दाट पेरू नका. हरभरा चालेल, पण फुलं असताना थंडी लांबली तर पहिली फुलं गळून घाटे उशिरा लागतात. घाबरून फवारण्या करू नका, रात्र उबदार झाली की धरतो. जमीन चिबड (पाणी साचून दलदलीसारखी) होत असेल तर गहू-हरभऱ्याच्या आधी ओढ्याकडं चर काढा. त्या चराचं तोंड दोन फुटी पाइपाकडंच न्या, पाइपाचं खरं काम तेच आहे.